खुराड्यावरचा हात

थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर त्यांचं घर रिकामं पडलं आणि घड्याळजी बायकोला म्हणाले, "आपणच जाऊन राहू तिथं." तेव्हा बायकोनं एकच गोष्ट विचारली. "परसात कोंबड्या ठेवता येतील ना?"

तीन बहिणींतली मधली, म्हणून माहेरी तिला सगळे मधलीच म्हणत, आणि ते नाव तिच्या मागोमाग सासरीही आलं. तिचं सगळं आयुष्य एका लाँड्रीत गेलं होतं. मागच्या ओलसट खोलीत डाग काढायचं टेबल असायचं, ते तिचं. शाई, गंज, ग्रीस, रक्त, कुणाकुणाच्या कॉलरवरची लिपस्टिक. कुठला डाग कशानं जातो आणि कुठला मालकाबरोबरच जातो, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं काम सोडलं. आता तिला आपली चार कोंबड्यांची कलकल हवी होती आणि सकाळी गरम अंडं हातात घ्यायचं होतं.

घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचं तसं काही मागणं नव्हतं. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग आणि हाताशी चिमटे असले की त्यांचं जग पुरं. बोलायला मोजकं, हात मात्र इतके स्वच्छ की मधली चेष्टेनं म्हणायची, "लग्नात मी तुमचा चेहरा नाही पाहिला, नखं पाहिली."

घराच्या मागं लांबट परस होतं आणि त्याच्या टोकाला, भर उन्हात, खुराडं होतं. ते दादांनी स्वतः बांधलेलं. दादा म्हणजे घड्याळजींचे मोठे भाऊ. त्यांची उमर होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात गेली. होड्यांच्या तळाला जे डांबराचं काळं तेल लावतात ना, पाण्यानं लाकूड कुजू नये म्हणून, ते लावायचं त्यांचं काम. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. "तळहातावरच्या फोडासारखं जपलं मला दादानं," असं घड्याळजी नेहमी सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी अगदी सारखाच असे, पाठ केल्यासारखा, पण मधलीनं तिकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

खुराडंही त्याच काळ्या तेलात न्हालेलं होतं. दादा ते दरवर्षी लावत, आणि ब्रशनं नाही, उघड्या पंजानं. सकाळच्या गारव्यात फळ्या नुसत्या काळ्या दिसत. ऊन चढलं की त्या चमकायला लागत, मग ओलावत, आणि दुपारी त्यांच्या गाठींतून बारीक काळे थेंब फुटत. लाकडाला घाम यावा तसे. वास थेट घशात उतरायचा.

"दादांच्या कोंबड्यांचं काय झालं?" मधलीनं एकदा विचारलं.

"गेल्या म्हणे एकेक करून," घड्याळजी म्हणाले. "रोग आला असेल."

मधलीनं पाच कोंबड्या आणल्या. चार तांबड्या आणि एक ठिपक्यांची. दिवसभर त्यांनी परस उकरलं, धुळीत अंघोळ केली, आपसांत मानपान ठरवून घेतले. संध्याकाळ झाली. कोंबडी ही अशी जात की उजेड मावळला की तिला घर दाखवावं लागत नाही, पाय आपोआप वळतात. या पाचजणी खुराड्याच्या दिशेनं निघाल्या, दारापासून थोड्या अंतरावर आल्या आणि थांबल्या. ओळीनं. माना उंचावून त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी कुरकुरलं नाही की पंख फडफडले नाहीत. मग पाचही जणींनी एकदम पाठ फिरवली आणि त्या मागच्या दाराच्या पायरीवर येऊन एकमेकींना चिकटून बसल्या.

मधलीनं त्यांना एकेक उचलून आत ठेवलं. सकाळी दार उघडलं, तर वरची बसायची काठी कोरडी ठणठणीत, तिच्यावर एक पीस नाही. पाचही जणी दाराच्या जाळीला चोची लावून उभ्या होत्या.

"नव्या जागेला बुजल्यात," घड्याळजी म्हणाले.

"मी नाही बुजले," मधली म्हणाली. "आणि मला तर त्यांच्यापेक्षा जास्त कारण होतं."

पण गंमत तिथंच संपली. कोंबड्यांचे डोळे पाणावायला लागले होते, आणि ठिपक्यांची फळीच्या गाठीवर चोच मारताना तिनं पाहिली. दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या रंगाच्या दुकानात गेली.

दुकान एका उंच, खरखरीत आवाजाच्या बाईचं होतं. सगळे तिला रंगवाली म्हणत. तिच्या कोपरापर्यंत सात रंगांचे शिंतोडे होते आणि बोलण्यात भीडमुर्वत नव्हती.

"कोंबड्यांच्या खुराड्याला बाहेरून काय लावू? ऊनपाऊस लागतो," मधली म्हणाली.

"आधी काय लावलंय?"

"डांबराचं काळं तेल."

रंगवालीनं हातातला डबा खाली ठेवला. "आणि कोंबड्या जिवंत आहेत?"

"आत्ता तरी."

"हे बघा बाई, कोंबडी म्हणजे चालतंबोलतं तोंड. फळी दिसली की टोचणार, पापुद्रा निघाला की गिळणार. आणि रात्रभर कोंडून त्याच हवेत श्वास घेणार. ते काळं तेल विषारी आहे. माणसाच्या हाताला लागलं आणि वर ऊन लागलं, तर कातडी भाजून निघते. पक्ष्याची काय कथा. लोक गाडीचं जळकं तेलसुद्धा फासतात, फुकट मिळतं म्हणून. तेही नको. हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड मिळतं कुठं कुठं, त्यात सोमल, म्हणजे अर्सेनिकचं विष, मुरवलेला असायचा. तेही नको."

"मग हवं काय?"

"साधं कोरं लाकूड आणि कच्चं जवसाचं तेल." तिनं मागच्या फळीवरून एक पिवळसर डबा काढला. "कच्चं म्हणजे कच्चंच. उकळलेलं म्हणून जे विकतात, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची औषधं घातलेली असतात. कच्चं वाळायला वेळ खातं, पण निर्धोक. पातळ हात द्यायचा, पुसायचा, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचा. वास पूर्ण गेल्याशिवाय कोंबडी आत सोडायची नाही. आतून चुन्याची सफेदी, म्हणजे किडे होत नाहीत. आणि तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरा."

"आणि आहे त्या फळ्यांवर? खरवडून चुना मारला तर?"

रंगवाली हसली, पण डोळे हसले नाहीत. "डांबर खाली बसलेलं असतं हो, मेलेलं नसतं. वरून काहीही फासा, ऊन पडलं की ते वर येणारच. मोडा ते खुराडं. आणि जाळू नका, धूर वाईट असतो त्याचा."

मधली जवसाचं तेल आणि चुना, दोन्ही घेऊन घरी आली आणि तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं. घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"दादाचं खुराडं मोडायचं?"

"अहो, विष आहे ते."

"त्याच्या हातची एवढी एकच वस्तू राहिली आहे." ते शांतपणे म्हणाले, पण त्यांच्या मानेची शीर उडत होती. "मी खरवडतो. तू चुना मार. मग बघू."

घड्याळजींनी रोज सकाळी थोडं थोडं करून पूर्ण खुराडं खरवडलं. मधलीनं चुन्याचे दोन हात दिले. काळं खुराडं पांढरं झालं, परसाचा चेहराच बदलला. कोंबड्या तरीही आत जाईनात, म्हणून तिनं त्यांची सोय मागच्या पडवीत लाँड्रीच्या जुन्या टोपल्यांत केली आणि वास जायची वाट बघत बसली.

पहिल्या कडक उन्हाच्या दुपारी ती भांडी विसळत होती. खिडकीतून तिचं लक्ष गेलं. खुराड्याच्या पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून फार उंच नाही, एक तपकिरी डाग उठला होता. ती हात पुसत बाहेर गेली. जवळ जाईपर्यंत डाग काळा झाला होता आणि त्याला बोटं होती. पाच बोटं, छोटा तळवा. लहान मुलाच्या हाताचा ठसा.

ती दोन पावलं मागे सरली. मग तिला स्वतःचाच राग आला. सगळी हयात डागांत गेली, आणि एका डागाला भ्यायचं? खालचं तेल वर आलं, रंगवालीनं सांगितलंच होतं. तिनं चुना कालवला, ठशावरून जाड हात फिरवला आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हात तो पुन्हा उठला. जागा तीच नव्हती, थोडी वर सरकली होती. आणि हात थोडा मोठा होता.

या वेळी तिनं नवऱ्याला हाक मारली. घड्याळजी आले, वाकले, चष्मा वर करून खूप वेळ बघत राहिले. तिला वाटलं घाबरतील. ते हसले.

"माझा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हात माझा आहे. हे बघ, करंगळी जरा आत वळलेली. या फळ्या दादानं कारखान्यातल्या जुन्या शेडच्या आणल्या होत्या. लहानपणी मी त्याच्याबरोबर तिथं असायचो. तेल लावायचो."

"तुम्ही? उघड्या हातानं?"

"दादा म्हणायचा, ब्रशला लाकूड कळत नाही."

"मग परवाचा हात याहून लहान होता तो?"

"परवाचा?" घड्याळजींनी मान वळवली. तिनं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, जागच्या जागी सुकल्यासारखं.

तिथून घरातलं काहीतरी बिघडलं. दुपारच्या जेवणानंतर घड्याळजींना डुलकी काढायची सवय होती. आता ते जेवले की उठून मागच्या दारानं बाहेर जायचे. मधली खिडकीतून पाहायची. ते उन्हात टोपीशिवाय उभे असायचे, उजवा तळवा भिंतीवर टेकलेला, मान किंचित कललेली. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून ऐकतात, अगदी तसे. कोंबड्या तेवढा वेळ पडवीत टोपल्यांमागे जाऊन बसायच्या.

"काय करता तिथं उभं राहून?"

"काही नाही. बरं वाटतं."

"कशाचं बरं?"

"भिंत गार असते."

भर उन्हातली भिंत गार कशी असेल? ते आत गेल्यावर तिनं स्वतः हात लावून पाहिला. बाकीच्या फळ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. ठशाची जागा तेवढी कोमट होती. लाकडाची म्हणावी तशी नव्हती ती ऊब. कुणीतरी नुकताच हात काढून घेतलेल्या खुर्चीच्या दांड्याला असते, तसली होती.

ठसा वाढत होता. ती चुना मारायची, तो उठायचा. शाळकरी पोराचा, मिसरूड फुटलेल्या पोराचा. दर वेळी थोडा वर, दर वेळी थोडा रुंद. आणि घड्याळजींचा तळवा काळा पडत चालला. आधी रेषांमध्ये, मग बोटांच्या पेरांवर. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या पांढऱ्या तबकड्यांवर बोटांचे डाग उमटायला लागले. एका बाईनं तसं घड्याळ परत आणून दाखवलं, तेव्हा ते नुसते बघत राहिले. त्यांनी माफीही मागितली नाही.

मधलीनं त्यांना समोर बसवलं आणि तळहात मांडीवर घेतला. डांबराचा डाग पाण्यासाबणानं जात नाही, तेलानं सुटतो, हे ती जाणून होती. तिनं गोडं तेल चोळलं, मऊ फडक्यानं टिपलं, पुन्हा चोळलं. वरचं काळं निघालं. आतलं राहिलं. कातडीच्या खालून दिसणारं, खोल, निळसर. जन्मात पहिल्यांदा एका डागापुढे तिनं हात टेकले.

"उद्यापासून तुम्ही तिकडे जायचं नाही," ती म्हणाली.

"बरं," घड्याळजी म्हणाले, आणि दुसऱ्या दुपारी गेले.

मग ठिपक्यांची मेली. पडवीतून निसटून ती खुराड्यापाशी गेली होती. मधलीला सापडली तेव्हा तिची चोच काळी होती आणि भिंतीवरच्या ठशाच्या अंगठ्याचा टवका निघालेला होता. मधलीनं तिला कुंपणापाशी पुरलं. परत येताना तिनं ठशाकडे मुद्दाम पाहिलं नाही, पण पाठीला तो जाणवत होता.

"अहो, मी माणसं बोलावणार आहे," ती आत येऊन म्हणाली. "खुराडं मोडून नेतील. तुम्हाला राग येऊ दे, नाहीतर बोलणं टाका."

घड्याळजी टेबलाशी बसले होते. समोर एकही घड्याळ उघडलेलं नव्हतं. "अजून थोडं थांब," ते म्हणाले. "आता जवळजवळ जुळलाय."

"काय जुळलाय?"

त्यांनी उजवा पंजा उघडून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की पाखरूही दिसेना. मधली रंगवालीकडे माणसांची चौकशी करायला गेली होती. परतली तेव्हा घर उघडं होतं आणि शांत होतं. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. ती मागच्या दाराशी आली.

घड्याळजी भिंतीपाशी होते. गुडघे थोडे वाकलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. उजवा हात खांद्याच्या उंचीवर फळीवर, पाची बोटं पसरलेली. भोवतीच्या चुन्यावर ठशाची कड दिसत नव्हती. हात आणि ठसा तंतोतंत एक झाले होते.

"चला आत," ती म्हणाली.

"अगं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, कोवळा, तिच्या ओळखीचा नसलेला. "सुटत नाही."

तिनं त्यांचं मनगट धरून ओढलं. हात हलला नाही. तिनं पाय रोवले, दोन्ही हातांनी ओढलं. फळी करकरली आणि तिला स्पष्ट जाणवलं, पलीकडूनही ओढ होती. चिकटलेल्या वस्तूला ओढ नसते, ती नुसती अडून राहते. इथे तर मधली पकड ढिली सोडायची तेव्हा हात तसूभर आत जायचा.

"दुखतंय का?"

"भाजतंय. पण सोसायचं असतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर फळीवरून हलत नव्हती. "हललं की जास्त भाजतं. हलायचं नाही."

"कोण म्हणतं असं?"

मधली आत धावली. गुडघ्यांचं दुखणं तिला नंतर आठवलं. कोपऱ्यात जवसाच्या तेलाचा डबा तसाच होता, न उघडलेला. तिनं चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं, डबा घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या मनगटावर, बोटांच्या फटींत, तळव्याच्या कडेनं धार धरली. दाट, पिवळं तेल काळ्यात शिरत गेलं. एकीकडे ती बोलत राहिली, जशी ती लाँड्रीत हट्टी डागांशी बोलायची.

"सोड. सोड म्हणते ना. पुरे झालं. सोड त्याला."

तिनं आपली बोटं त्यांच्या करंगळीखाली सरकवली. मग अनामिकेखाली. एकेक बोट सुटं केलं. शेवटी अंगठा राहिला. तो सुटला तेव्हा ओला, लांब आवाज झाला आणि दोघंही मागच्या मागे मातीत पडली.

तिनं त्यांचा हात उलटा केला. तळवा लाल, सोललेला. ते तिला अपेक्षित होतं. मग तिनं हात सुलटा केला.

हाताच्या पाठीवर, जी बाजू कशालाच टेकली नव्हती, तिथे चार काळे पट्टे होते. वरून कुणीतरी आपला पंजा ठेवून दाबून धरावं, तसे. रुंद, जाड बोटांचे. त्यातला मधला एक पट्टा अर्ध्यातच तुटलेला होता.

घड्याळजींनी ते पाहिलं आणि त्यांचे दात वाजायला लागले, त्या उन्हात.

"दादाचं मधलं बोट," ते म्हणाले, "कारखान्यातल्या चरकात गेलं होतं. अर्धं."

मधलीनं त्यांना उठवून आत नेलं. गार पाण्याच्या धारेखाली हात धरला, ओलं सुती फडकं गुंडाळलं. दवाखान्यात जाताना रिक्षात ते तिच्या खांद्याला टेकून बसले होते आणि रस्त्याच्या अर्ध्यावर आपणहून बोलायला लागले.

"मला ते तेल लावायला नको असायचं. भाजायचं. मी रडायचो, पळून जायचो. म्हणून तो माझा हात फळीवर ठेवायचा आणि वर स्वतःचा ठेवून दाबायचा. म्हणायचा, सोस, चटके सोसल्याशिवाय हात तयार होत नाही. ऊन उतरेपर्यंत सोडायचा नाही."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, फोडासारखं जपलं म्हणून."

"जेवायलाही त्यानंच घातलं ना गं," घड्याळजी म्हणाले. "स्वतः उपाशी राहून घातलं. दोन्ही खरंय. मला एकच सांगता आलं."

मधलीनं त्यांचा डावा हात घट्ट धरला, मग विचार करून जरा सैल धरला.

डॉक्टरांनी तळव्याची जळलेली कातडी पाहून विचारलं, डांबराचं तेल का? त्यांनी मलम दिलं, उन्हात जाऊ नका म्हणून बजावलं. हाताच्या पाठीवरच्या पट्ट्यांकडे ते थोडा वेळ बघत राहिले. "हे इथं कसं लागलं?" मधलीनं औषधाची चिठ्ठी घेतली आणि घड्याळजींना उठवलं.

खुराडं न्यायला नगरपालिकेची माणसं आली, हातमोजे आणि तोंडावर जाळीचे मुखवटे घालून. असलं लाकूड वेगळ्या खड्ड्यात पुरतात म्हणे. घड्याळजी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पडवीत उभे राहिले. फळ्या एकेक सुटत होत्या. एका माणसानं थांबून आवाज दिला, "काका, ही फळी ठेवायची आहे का? हिच्यावर हात आहेत कुणाचे तरी. एकावर एक."

मधलीनं नवऱ्याकडे पाहिलं. हा निर्णय तिचा नव्हता.

"नको," घड्याळजी म्हणाले. "पण पालथी घाला गाडीत. तोंड खाली करून."

खालची मातीही त्या माणसांनी खरवडून नेली. तिथं नवी माती टाकून मधलीनं घेवड्याचे वेल चढवले. नवं खुराडं तिनं सुताराकडून बनवून घेतलं आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत, ठेवलं. कोरं लाकूड, नाक लावलं तर रानाचा वास येणारं. आतून चुन्याची सफेदी झाली. बाहेरून जवसाचं तेल लावायचा दिवस आला तेव्हा घड्याळजी आले आणि तिनं पुढे केलेला ब्रश त्यांनी डाव्या हातात घेतला. पातळ हात दिला, पुसला. फडकी दोरीवर पसरली. वाळलं, पुन्हा दिला. घाई दोघांनाही नव्हती. लाकडाला मधासारखा रंग आला. मधली रोज सकाळी जाऊन फळीला नाक लावायची, आणि एके दिवशी तिला कसलाच वास आला नाही, नुसतं लाकूड होतं.

त्या संध्याकाळी तिनं दार उघडं ठेवलं आणि दोघं पायरीवर बसून राहिली. उजेड मावळला. चौघी तांबड्या निघाल्या, दारापाशी आल्या. पहिलीनं मान आत घातली, इकडे तिकडे पाहिलं आणि शिरली. मागून बाकीच्या. आत काठीवर जागेवरून थोडी भांडाभांडी झाली, मग सगळं निवांत झालं.

घड्याळजींच्या तळव्याची कातडी हळूहळू नवी आली. बारीक स्क्रू चिमट्यात धरताना त्यांना अजून डोळ्यांची जास्त मदत घ्यावी लागते, बोटांना पहिल्यासारखं कळत नाही. हाताच्या पाठीवरचे पट्टेही फिके होत गेले. कडक उन्हाच्या दिवशी मात्र ते थोडे उमटतात, आणि मग घड्याळजी लांब बाह्यांचा शर्ट घालतात.

"दादांची आठवण येते का हो?" मधलीनं एकदा वाटाणे सोलता सोलता विचारलं.

घड्याळजींनी शेंगेतून एक दाणा काढला, भांड्यात टाकला.

"येते," ते म्हणाले. "आली की मी तिला जरा लांबच बसवतो."